बाबांच्या स्लाइड्स, कॅसेट्स आणि सीडीसी : दादरच्या ह्या डिजिटायझेशनवाल्या दुकानाचा अनुभव

पाचपैकी पाच स्टार. आणि जरा मोठं लिहितेय, कारण घरातल्या जुन्या स्लाइड्स कुणाकडे द्यायच्या, हरवणार तर नाहीत ना, ओरखडे तर पडणार नाहीत ना, हे शोधत होते तेव्हा सगळीकडे आपलं 'गुड सर्व्हिस, रीझनेबल रेट' एवढंच वाचायला मिळालं आणि त्यातून काहीच कळत नाही. ज्यांच्या घरी वडिलांचं आजोबांचं असं काही माळ्यावर पडून आहे त्यांच्यासाठी हे.

माझे बाबा मरीन इंजिनिअर होते. मागच्या पावसाळ्यात गेले. मूळचे रत्नागिरीकडचे, माझगाव डॉकला अप्रेंटिसशिप केली आणि मग शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये फिफ्थ इंजिनिअर म्हणून लागले, ही कंपनी १९६१ सालची, म्हणजे बाबा अगदी सुरुवातीच्या वर्षांत तिथे गेले, पुढे परीक्षा देत देत फर्स्ट क्लास मोटरचं तिकीट, म्हणजे चीफ इंजिनिअर व्हायला लागणारं सर्टिफिकेट, काढलं आणि चीफ म्हणून रिटायर झाले. आम्ही परळला चाळीत राहायचो, कुणी विचारलं की सांगायचं बाबा बोटीवर आहेत, बास, त्यावर कुणी पुढे काही विचारायचं नाही. घरी आले की बोटीबद्दल फारसं बोलायचे नाहीत. नळाचा वॉशर बदल, शिलाई मशीनला तेल घाल, आईला बाजारात घेऊन जा, हेच. पण जग बघितलं होतं त्या माणसाने, आणि नुसतं बंदरावरून नाही, बोट माल उतरवत असली आणि वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, नसली की शहरात पायी फिरायचे आणि कोबेला घेतलेल्या पेंटॅक्सने स्लाइड काढायचे. प्रिंट नाही, स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेला पारदर्शक फिल्मचा तुकडा. प्रोजेक्टर मात्र घरी कधीच नव्हता, त्यामुळे आम्ही त्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचो, आणि आई ओरडायची बोटं लावू नका म्हणून.

गेल्यावर ट्रंक उघडली. स्लाइड्सचे पिवळे डबे, काही पुठ्ठ्याचे, काही प्लास्टिकचे, कॅसेट्स, सीडीसीची पुस्तकं, म्हणजे खलाशाची सर्व्हिस बुकं, जुने पासपोर्ट. मुंबईचे पावसाळे खाऊन खाऊन निम्म्या स्लाइड्सवर बुरशीची जाळी आलेली, काही लाल पडलेल्या. वर्षश्राद्धाला सगळे जमणार होते आणि मला वाटत होतं की नातवंडांनी निदान एकदा तरी हे नीट मोठं करून बघावं.

आधी एका मोठ्या लॅबला सॅम्पल म्हणून थोड्या दिल्या. फायली आल्या त्या ००१ पासून नंबर टाकून, चारी कडा थोड्या थोड्या कापून, आणि मूळ स्लाइड्स सगळ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र करून. कुठली कुठल्या डब्यातली ते कळायला मार्ग नाही. फोटो चकाचक होते, पण आकाश इतकं निळं केलेलं की हॅम्बर्ग आणि कोलंबो सारखंच दिसत होतं. तिथून उरलेलं काम काढून घेतलं.

मग माझ्या जावेने हे दुकान सांगितलं. दादर वेस्टला, पहिल्या मजल्यावर, खालून बोर्ड पटकन दिसत नाही, आधी पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमचं दुकान होतं, आता हेच काम जास्त. चालवणारे दादा पन्नाशीचे असतील, त्यांच्याबरोबर एक मुलगी असते कम्प्युटरवर. मी पिशवी टेबलावर ठेवली तर त्यांनी डीपीआय-बिपीआय, म्हणजे स्कॅन किती बारीक करायचा ते, नंतर विचारलं. पहिला प्रश्न, 'ताई, ह्या डब्यांचा क्रम कुणी लावलाय, तुम्ही का त्यांनी?' मी म्हटलं बाबांनीच, आम्ही हात लावलेला नाही. तर म्हणाले, मग मीही लावणार नाही, डब्याचा फोटो, मग झाकणाचा, मग आतली एकेक स्लाइड ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने. आणि माउंटचाही स्कॅन वेगळा करणार, दोन्ही बाजूंनी.

ह्या माउंटसाठीच मी हे सगळं लिहितेय खरं तर. स्लाइडच्या भोवती जी पुठ्ठ्याची चौकट असते ना, दोन इंच बाय दोन इंचाची, तिच्यावर बाबांनी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, पेन्सिलीने, आणि कोडॅकच्या माउंटवर महिना आणि साल छापलेलं किंवा दाबलेलं असतं. दादांनी सांगितलं की ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नाही, बोटीवरचा माणूस रोल भरला की पुढच्या मोठ्या बंदरात देणार, त्यामुळे एकदोन महिने मागे धरायचे. ही गोष्ट मला कुणीही सांगितली नसती आणि आम्ही सगळ्या तारखा चुकीच्या लावून बसलो असतो. बहुतेक लॅबवाले फक्त मधली फिल्म स्कॅन करतात, चौकट त्यांच्या दृष्टीने कचरा. तुम्ही कुठेही द्या, इथे किंवा दुसरीकडे, पण चौकट स्कॅन करणार का हे आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर देऊ नका.

आता कामाच्या दर्जाबद्दल. कोडाक्रोमच्या, म्हणजे कोडॅकच्या एका फिल्मच्या, स्लाइड्स अंधारात ठेवल्या तर रंग फार टिकवतात, आमच्या १९६८-६९ च्या सुद्धा जवळजवळ जशाच्या तशा निघाल्या, लाल तर असा की काल काढलाय. त्यांची अडचण वेगळी, स्कॅनर इन्फ्रारेडने जी धूळ आणि ओरखडे आपोआप काढतो ते कोडाक्रोमवर धड चालत नाही, चित्रातले बारकावेच धूळ समजून पुसले जातात, म्हणून दादांनी ते बंद ठेवून त्या मुलीकडून हाताने एकेक ठिपका काढून घेतला. ओरवोच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या फिल्मच्या ज्या होत्या त्या लालसर झाल्या होत्या, त्या त्यांनी शक्य तेवढ्या सुधारल्या पण मूळ स्कॅनही न सुधारता वेगळ्या फोल्डरमध्ये दिला. बुरशीवर पाणी अजिबात लावायचं नाही, बुरशी लागलेला जिलेटिनचा थर पाण्यात विरघळू शकतो आणि त्याच्याबरोबर चित्रही जातं. हे घरी ओल्या फडक्याने पुसणाऱ्या सगळ्यांनी वाचावं. त्यांनी कोरडा ब्रश आणि ब्लोअरने जेवढं निघेल तेवढं काढलं आणि बाकी तसंच ठेवलं, चार हजार डीपीआयला स्कॅन केलं, म्हणजे साधारण वीस मेगापिक्सेलच्या आसपास जातं, भिंतीवर लावण्याएवढी प्रिंट आरामात निघते.

फायली बघायला बसलो तेव्हा मी, माझा भाऊ आणि आमची मुलं होतो. आणि इथून पुढे हा रिव्ह्यू दुकानाचा कमी आणि बाबांचा जास्त होईल, पण दुकानाने हे नीट केलं म्हणूनच हे सगळं दिसलं.

सुएझ कालवा जून १९६७ च्या युद्धात बंद झाला तो थेट जून १९७५ ला उघडला. आम्हाला हे शाळेत एका ओळीत होतं. पण मुंबई ते लंडन सुएझमधून साधारण सव्वासहा हजार सागरी मैल, आणि आफ्रिकेला वळसा घालून पावणेअकरा हजारांच्या आसपास, म्हणजे बाबा घरी उशिरा यायचे त्याचं कारण तिकडे होतं, आई नुसतं म्हणायची बोट लांबून येतेय. त्या वर्षांच्या डब्यांमध्ये लास पाल्मासच्या स्लाइड्स सारख्या सारख्या येतात, कारण तिथे बंकर, म्हणजे बोटीचं इंधन, घ्यायला थांबायचे. आणि एक आहे त्यात बाजूने रेलिंग दिसतंय, पुढे करडं पाणी आणि अगदी क्षितिजाजवळ सपाट माथ्याचा डोंगर, माउंटवर बाबांनी लिहिलंय 'टेबल माउंटन. आपण जात नाही.' माझ्या मुलीने विचारलं जात नाही म्हणजे? मग पासपोर्ट काढून दाखवला, त्या काळी आपल्या पासपोर्टवर छापलेलंच असायचं की दक्षिण आफ्रिका सोडून. भारताने १९४६ लाच त्यांच्याशी व्यापार तोडला होता वर्णभेदावरून, त्यामुळे आपल्या बोटी केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालायच्या पण तिथल्या बंदराला लागायच्या नाहीत. इंजिनरूममधून वर येऊन बाबांनी लांबून तो डोंगर टिपला आणि चार शब्द लिहिले. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, ती त्या स्लाइडसमोर बराच वेळ बसली आणि मग म्हणाली आबांनी मला हे कधी का नाही सांगितलं. ते सांगत नसत ग, लिहून ठेवत असत.

दुसरा किस्सा इस्तंबूलचा. सोव्हिएत रशियाबरोबर आपला व्यापार जोरात होता, बोटी ओडेसाला जायच्या, आणि ओडेसाला जायचं म्हणजे बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्रात. बाबांच्या तीन वेगवेगळ्या डब्यांत बॉस्फरसच्या स्लाइड्स आहेत, तिन्ही ओरवोच्या, साध्या माउंटच्या, तारीख कुठेच नाही, तिन्हींवर फक्त 'इस्तंबूल, जाताना'. आम्ही सोडूनच देणार होतो. त्या दुकानातल्या मुलीने स्वतःहून फोन केला की मॅडम एका फोटोत पाणी मोकळं आहे, दुसऱ्यात दोन्ही काठांवर उंच खांब आहेत पण मधे काहीच नाही, आणि तिसऱ्यात पूर्ण पूल आहे, ह्यावरून काही कळतं का बघा. कळतं ना! तो पूल बांधायला १९७० ला घेतला आणि ३० ऑक्टोबर १९७३ ला सुरू झाला, तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे खांबांची स्लाइड त्या मधल्या काळातली. मग सीडीसी काढलं, त्यात प्रत्येक बोटीचं नाव, साइन ऑन कधी आणि कुठल्या बंदरात, साइन ऑफ कधी, सगळं शिक्क्यांसकट असतं, आणि त्या काळात बाबा कुठल्या बोटीवर होते ते सापडलं. ती व्हॉयेज १९७२ ची. मी तेव्हा बालवाडीत होते. भावाचा जन्मही त्याच व्हॉयेजच्या दरम्यानचा, बारशाला बाबा नव्हते हे घरात कायम बोललं जायचं, आता भावाला माहीत आहे की त्या दिवसांत ते कुठे होते आणि समोर काय बघत होते. भाऊ काही बोलला नाही, फक्त ती स्लाइड स्वतःच्या फोनवर घेतली.

ओडेसाच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या आहेत, १९२ पायऱ्या, त्यांच्यावर बाबा खालून वर गेले आणि दर टप्प्यावर एक फोटो. ओसाकाचं १९७० चं जागतिक प्रदर्शन, आशियातलं पहिलंच, त्यातला तो सत्तर मीटर उंच तोंडं असलेला सूर्याचा मनोरा. मुरगावहून लोखंडाचं खनिज घेऊन जपानला गेले होते तेव्हाची ती. पनामाही आहे, बोट पाण्याच्या पायऱ्यांवर चढल्यासारखी सव्वीस मीटर वर उचलतात तिथे, पण त्या स्लाइड्स हललेल्या आहेत, बहुतेक घाईत काढल्या असाव्यात कारण कालव्यात इंजिनवाल्यांना वर यायला सवड कुठली. माणसांचे फोटो कमी, पण जे आहेत ते बंदरावरच्या कामगारांचे, चहावाल्याचे, क्रेनवाल्याचे. उभे राहून पोज दिलेले बाबा जवळपास नाहीतच. एकात दुकानाच्या काचेत पडलेलं प्रतिबिंब आहे, कॅमेरा डोळ्याला लावलेला, मागे ट्राम. ते आधीच्या लॅबने 'खराब' म्हणून गाळलं होतं. इथे मुलीने त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहून दिलं, 'काचेत आहेत'. आता तोच फोटो फ्रेम करून लावलाय घरी.

कॅसेट्स. आमच्या घरी पत्रांपेक्षा कॅसेट्स जास्त यायच्या एका काळात, सत्तरच्या शेवटी शेवटी, बाबा केबिनमध्ये बसून टेपवर बोलायचे आणि बंदरातून पोस्ट करायचे, आई ऐकून त्याच्यावर उत्तर भरून परत पाठवायची, त्यामुळे आईचं बोलणं खूपदा पुसलं गेलंय पण बाबांचं काही राहिलं. दोन कॅसेट्स तर वाजतच नव्हत्या. दादांनी उघडून दाखवलं, आत एक छोटी फेल्टची गादी असते जी टेप हेडवर दाबून धरते, ती गोंद सुकून पडलेली, त्यांनी टेप सगळी नव्या खोक्यात घातली. मग हेडचा कोन त्या रेकॉर्डिंगप्रमाणे जुळवला आणि मगच कम्प्युटरवर घेतली.

आणि घेतल्यावर मला फोन, 'ताई, मागे सतत घरघर आहे, साहेबांचा आवाज स्वच्छ हवा असेल तर ती काढून टाकतो.' मी म्हटलं जरा ऐकवा. ती घरघर म्हणजे इंजिन. बाबांचं इंजिन. ज्याच्याशेजारी त्यांनी आयुष्य काढलं, ज्याचा सूर बदलला तर झोपेतून उठायचे असं आई सांगायची. मी म्हटलं दादा, ते तसंच राहू दे. त्यांनी दोन्ही दिल्या, एक स्वच्छ, एक जशी आहे तशी, आणि जादा पैसे घेतले नाहीत. स्वच्छवाली आम्ही अजून लावलीच नाही. बाबा बोलतायत ते काय, तर गॅसचा नंबर लावलास का, चाळीच्या मालकाला पावती मागून घे, रॉकेल संपायच्या आधी सांग, धाकट्याला बूट घे पण एक नंबर मोठे. मधेच म्हणतात, 'काल रात्री वर आलो, चांदणं होतं, बरं वाटलं.' आणि परत रेशन कार्ड. अख्ख्या टेपवर तेवढंच एक वाक्य त्यांच्या स्वतःबद्दल.

नातवंडांना माहीत असलेले आबा वेगळे. रिटायर झाल्यावर माझ्या मुलांना भाऊच्या धक्क्यावर घेऊन जायचे, रेवसची लाँच पकडायची आणि वाटेत नांगरलेल्या प्रत्येक जहाजाची माहिती. चिमणीचा रंग बघ म्हणजे कंपनी कळेल, पाण्यात किती बसलंय बघ म्हणजे भरलेलं की रिकामं कळेल, झेंडा पनामाचा असला म्हणून जहाज पनामाचं असतंच असं नाही. माझा मुलगा आज लॉजिस्टिक्समध्ये आहे, तो म्हणतो मला पहिली इंडक्शन आबांनी दिली. त्याला फायली मिळाल्यावर त्याने सीडीसीवरून सगळ्या व्हॉयेज नकाशावर मांडल्या आणि प्रत्येक बंदराला त्या त्या स्लाइड्स जोडल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर टीव्हीवर तो नकाशा लावला, बाबांचे जुने सहकारी आले होते, काठी टेकत, त्यातले एक जण स्लाइड यायच्या आधीच बंदर ओळखत होते नुसत्या क्रेनवरून. आई शेवटपर्यंत बसली होती. तिला कळलं की दर वेळी तिच्यासाठी कापड कुठून आणायचे ते, त्या दुकानाचीसुद्धा स्लाइड निघाली.

ह्याच दुकानात फोटोबुकही करून घेतलं. त्यात आमचं मत असं होतं की खाली आपण छान मजकूर लिहू, दादा म्हणाले, तुम्हाला हवं तर करतो, पण साहेबांचं अक्षर आहे ना, तेच माउंटवरून उचलून खाली छापू. तसंच केलं. प्रत्येक पानावर बाबांचं पेन्सिलीचं अक्षर. हा सल्ला त्यांनी पैसे कमी होत असतानाही दिला, कारण डिझाइनचा चार्ज त्यात गेला.

आता कमी-जास्त. वेळ लागतो, घाई असेल तर जाऊ नका, आम्हाला सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच पुढे गेलं आणि श्राद्धाच्या आधी जरा धाकधूक झाली. दुपारी फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करा. जिना अरुंद आणि चढा आहे, म्हाताऱ्या माणसांना वर नेऊ नका, खाली निरोप दिला की दादा स्वतः येतात. काही स्लाइड्सचा रंग मला निळसर वाटला, सांगितल्यावर परत करून दिल्या, कटकट न करता. रेट स्वस्तातला नाही, रस्त्यावरच्या स्टुडिओपेक्षा बराच जास्त, पण हाताने साफ करणं आणि माउंटचे स्कॅन त्यातच धरलेत. आगाऊ अर्धे घेतात, यूपीआय चालतं. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत जा. आणि देताना पावतीवर डब्यांची संख्या आणि प्रत्येक डब्यातल्या स्लाइड्सची संख्या लिहून घ्या, ते स्वतःच लिहितात पण तुम्हीही मोजून जा.

ट्रंक घरी परत आल्यावर स्लाइड्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवल्यात, बेडरूमच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. सिलिकाच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहायच्या असं दादांनी सांगितलंय. मूळ स्लाइड्स फेकायच्या नाहीत, हार्ड डिस्क जाते, कोडाक्रोम राहते.

एक गोष्ट इथे होत नाही, ८ एमएमची फिल्म. बाबांचं एक छोटं रीळ आहे, डब्यावर 'योकोहामा आणि घरी' लिहिलंय, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, म्हणजे फिल्म आतून सडायला लागली आहे आणि आता थांबून चालणार नाही. दादांनी सरळ सांगितलं की माझ्याकडे ते मशीन नाही आणि मी अंदाजाने हात लावणार नाही. मुंबईत किंवा पुण्यात कुणी ८ एमएम नीट, फ्रेम बाय फ्रेम स्कॅन करून देत असेल आणि तुम्ही स्वतः करून घेतलं असेल तर कृपया कळवा, लवकर.